दोष वस्तूत की हातात?

न्हावा शेवा बंदरात उतरलेला एक माल काही वर्षांपूर्वी सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी अडवला. कागदोपत्री तो ‘बॉडी मसाजर’ होता. अधिकाऱ्यांना मात्र वेगळाच वास आला. अंग चेपायच्या यंत्राचा आणखी एक उपयोग होऊ शकतो, म्हणजे हे सेक्स टॉय, म्हणजे अश्लील वस्तू, म्हणजे १८ जानेवारी १९६४ च्या अधिसूचनेखाली आयातीला मनाई. माल जप्त झाला. आयातदार डॉक ब्राउन इंडस्ट्रीज न्यायाधिकरणात जिंकली, खाते अपिलात गेले आणि मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. जी. एस. कुलकर्णी व न्या. किशोर संत यांच्या खंडपीठाने ते अपील फेटाळून लावले. मसाजरचा असा उपयोग ही आयुक्तांच्या कल्पनेची भरारी आहे, तिच्या जोरावर माल जप्त करता येत नाही, असा निकालाचा मथितार्थ. तसेच मसाजर देशातल्या बाजारात राजरोस विकले जात होते, हेही न्यायालयाच्या नजरेतून सुटले नाही.

निकाल सीमाशुल्काचा. पण त्याच्या पोटात एक फार जुना प्रश्न आहे: पाप वस्तूत असते, ती धरणाऱ्या हातात असते, की पाहणाऱ्याच्या डोक्यात?

गोंदिया जिल्ह्यात हा प्रश्न कोणी चारचौघांत विचारणार नाही. विचारायची गरजही राहिलेली नाही. ऑनलाइन दुकान पिनकोड मागते, चारित्र्याचा दाखला मागत नाही. खाकी खोक्यावर ‘पर्सनल केअर’ एवढेच लिहिलेले असते आणि ते खोके तिरोड्याला जाते तसे देवरीलाही जाते. उघड दुकान थाटले तर मात्र काय होते, ते गोव्याने पाहिले. फेब्रुवारी २०२१ मध्ये कळंगुटला अशा वस्तूंचे दुकान सुरू झाले. तक्रारी आल्या, ग्रामपंचायतीने बडगा उगारला आणि महिनाभरात शटर खाली आले. कळंगुटच्या किनाऱ्यावर दारूच्या दुकानांची रांग आहे, तिच्याविषयी अशी घाई कधी दिसली नाही, हे जाता जाता.

झाडीपट्टीला, म्हणजे गोंदियाच्या मुलखाला, तर चावटपणाचे वावडे मुळीच नाही. दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते, रात्री खडी गंमत रंगते, दंडार उभी राहते. लुगडे नेसलेला नाच्या आणि सोंगाड्या यांच्यातली दुअर्थी जुगलबंदी ऐकायला म्हातारे-कोतारे, लेकुरवाळ्या सगळे येतात. पदर तोंडाला लावून बायाही हसतात. तोच विषय नवरा-बायकोने घरात, दिवा मालवण्यापूर्वी दोन वाक्यांत बोलायचा म्हटला की मात्र जीभ टाळूला चिकटते. चारशे माणसांत चालते ते दोघांत चालत नाही. म्हणजे अडचण विषयाची नाही, सरळ बोलण्याची आहे.

धर्म काय म्हणतो? कोणता धर्म, हे आधी ठरवावे लागेल, कारण उत्तरे सारखी नाहीत.

सगळ्यांत स्पष्ट उत्तर जैनांकडे आहे. गृहस्थाच्या ब्रह्मचर्य-अणुव्रताला, म्हणजे आपल्या जोडीदारावर समाधान मानण्याच्या व्रताला, तत्त्वार्थसूत्राने पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतला एक ‘अनंगक्रीडा’. कामक्रीडेच्या नेहमीच्या वाटेबाहेरची क्रीडा, असा त्याचा ढोबळ अर्थ, आणि काही टीकाकार त्यात कृत्रिम साधनांनाही ओढतात. पाचवा अतिचार कामाची तीव्र आसक्ती. इथे तर्क सरळ आहे. व्रताचा हेतू वासना कमी करण्याचा, खेळणे ती वाढवते, म्हणून ते व्रताला मलिन करते. गोंदियाच्या बाजारपेठेतल्या एखाद्या जैन श्रावकाने या कारणासाठी अशा वस्तू दूर ठेवल्या तर त्याला मागासलेला म्हणण्याचे कारण नाही. त्याने व्रत घेतले आहे. मात्र अतिचार म्हणजे व्रताला लागलेला डाग, तो लागतो व्रत घेणाऱ्याला. शेजाऱ्याच्या खोलीत डोकावण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

बौद्ध परंपरेत तर अशा वस्तूचा नावानिशी उल्लेख आहे. पाली विनयपिटकात भिक्खुणींसाठी जे पाचित्तिय नियम आहेत, त्यांतल्या चौथ्यात ‘जतुमट्ठक’ वापरायला मनाई आहे. जतु म्हणजे लाख, जतुमट्ठक म्हणजे तिची कांडी. पळसावर येणारी लाख गोंदियाच्या जंगलाला नवी नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी तिचा हाही उपयोग कोणाला तरी सुचला होता आणि संघाला त्यावर नियम करावा लागला. पण तो नियम संघात दाखल झालेल्या स्त्रीसाठी आहे. घरसंसार करणाऱ्या उपासकाला तिसरे शील लागू होते, आणि ते कामातल्या मिथ्याचारापासून दूर राहायला सांगते. मिथ्याचार कोणता, याचे जुने स्पष्टीकरण माणसांची यादी देते: जी दुसऱ्याची आहे, जी कोणाच्या रक्षणाखाली आहे, तिच्याकडे जाऊ नये. त्या यादीत लाखेची कांडी नाही.

वैदिक-पौराणिक परंपरेचे बोलावे तर ती एका आवाजात कधी बोललीच नाही. चार पुरुषार्थांत कामाला मानाचे पान आहे; गीतेत श्रीकृष्ण धर्माच्या आड न येणारा काम आपलेच रूप मानतो. दुसऱ्या बाजूला संन्यासमार्ग कामाला शत्रू ठरवतो. विसाव्या शतकात हा दुसरा सूर सर्वांत ताणून धरला गांधीजींनी. डिसेंबर १९३५ मध्ये संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर त्यांना भेटायला वर्ध्याला आल्या. गांधीजींचे म्हणणे असे की समागम अपत्यासाठी असेल तरच तो धर्म्य, एरवी तो भोग. सँगरबाईंनी परोपरीने समजावले, गांधीजी हलले नाहीत. या मोजपट्टीने पाहिले तर सेक्स टॉय ही जगातली सर्वांत अधर्म्य वस्तू ठरते, कारण तिच्यातून अपत्य होण्याची सुतराम शक्यता नाही. पण मग पन्नाशी उलटलेल्या, पाळी गेलेल्या, मूल होऊ न शकणाऱ्या सगळ्याच जोडप्यांचा एकांतही त्याच मोजपट्टीखाली येतो. एवढी किंमत द्यायला गांधीजी तयार होते. बहुतेक संसारी माणसे नसतात, आणि ती अधार्मिक असतात असेही नाही.

त्याच काळात मुंबईत एक मराठी माणूस नेमके उलटे सांगत होता. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, ते थेट १४ ऑक्टोबर १९५३ ला मृत्यूने गाठेपर्यंत. कामसुखात दुसऱ्याला इजा होत नसेल, फसवणूक नसेल, तर नीतीचा प्रश्नच येत नाही, ही त्यांची भूमिका; देवाधर्माचा तिला टेकूही नको होता. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक शंकांना मासिकात उत्तरे दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील होत नाही आणि लोकांच्या मनातली विकृती जायची असेल तर ती ज्ञानानेच जाईल, असा बाबासाहेबांचा युक्तिवाद होता. खटला ते हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

पुढे १९५४ मध्ये बाबासाहेब भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्यातच होता. १ मे १९९९ ला तो वेगळा झाला. त्या निवडणुकीतही ते हरले. दोन वर्षांनी नागपूरला दीक्षा घेताना ज्या बावीस प्रतिज्ञा त्यांनी दिल्या, त्यांत व्यभिचार करणार नाही ही प्रतिज्ञा आहे. आज भंडारा-गोंदियातल्या असंख्य घरांत त्या भिंतीवर लावलेल्या दिसतात. कर्व्यांचा वकील आणि व्यभिचार न करण्याची प्रतिज्ञा देणारा एकच माणूस होता, यात ज्यांना विसंगती दिसते त्यांनी थोडे थांबून पाहावे. व्यभिचारात कोणाचा तरी विश्वासघात होतो. कर्व्यांच्या मासिकातल्या शंकासमाधानात तो कोणाचा होत होता?

इथवर बोलणे झाले ते साध्या साधनांचे. ‘किंक’ म्हणतात ते प्रकरण याहून अवघड आहे, कारण त्यात डोळ्यांवर पट्टी येते, हात बांधणे येते, हलकी चापट येते, एकाने हुकूम सोडायचा आणि दुसऱ्याने तो पाळायचा असे सोंग येते. अहिंसा शिकलेल्या मनाला प्रश्न पडणारच की सुखासाठी दुखवणे धर्माला धरून कसे असेल?

वात्स्यायनाला हा प्रश्न पडला होता. कामसूत्राच्या दुसऱ्या अधिकरणात नखक्षत, दंतक्षत आणि प्रहणन, म्हणजे प्रणयातले ताडन, यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. सातव्यात कृत्रिम साधनांची चर्चा आहे: सोने, चांदी, तांबे, लोखंड, हस्तिदंत, शिंग. त्याच्या आधीचा आचार्य बाभ्रव्य याच्या मते कथिल आणि शिसे मऊ व थंड म्हणून बरे. वात्स्यायन म्हणतो, ज्याला जे मानवेल ते, लाकूडही चालेल. शिसे अंगाला घातक, हे आज शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. म्हणजे कशापासून बनवली, हा या वस्तूंबाबतचा पहिला प्रश्न तेव्हाही होता आणि तेव्हाही त्याचे उत्तर चुकत होते.

खरी गंमत ताडनाच्या प्रकरणात आहे. दाक्षिणात्य लोक नेहमीच्या प्रहारांत आणखी चार घालतात, असे वात्स्यायन नोंदवतो: छातीवर कीला, डोक्यावर कर्तरी, गालांवर विद्धा, आणि संदंशिका. लगेच बजावतो की हे कष्टदायक आहे, अनार्य आहे, याच्या नादी लागू नये. आणि मग तीन अपघात सांगतो. चोल राजाने कीलेने चित्रसेना नावाच्या गणिकेचा जीव घेतला. कुंतलच्या शातकर्णी सातवाहनाने कर्तरीने राणी मलयवतीला मारले. पांड्यांचा सेनापती नरदेव, त्याचा हात अधू, त्याने विद्धा चुकवली आणि एका नर्तकीचा डोळा गेला. सातवाहन म्हणजे पैठणचे. ज्या घराण्यातल्या हालाच्या नावावर महाराष्ट्री प्राकृतातली गाथासप्तशती आहे तेच घराणे. मलयवती महाराणी होती. ती ‘पुरे’ म्हणाली होती का, आणि म्हणाली असली तर राजाने ऐकले का, याची नोंद सूत्रात नाही. वात्स्यायनाने दोष दिला तो कामाच्या वेगात आंधळ्या झालेल्या माणसाला, भरधाव घोड्याला खड्डा दिसत नाही तसा.

शास्त्रात लिहिले आहे म्हणून करावे असे नाही, हेही त्यानेच सांगून ठेवले. वैद्यकात कुत्र्याच्या मांसाचे गुणधर्म दिलेले असतात, म्हणून शहाणा माणूस ते खातो का, असा त्याचा खोचक सवाल आहे. ‘आमच्या पूर्वजांनी सगळे लिहून ठेवले’ म्हणत कामसूत्र नाचवणाऱ्यांनी आणि ते जाळायला निघणाऱ्यांनी, दोघांनीही एवढे तरी वाचायला हवे होते. वैनगंगेच्या काठाने गोंदिया-भंडारा ओलांडून खाली गेले की मार्कंडादेव लागते. तिथल्या देवळाच्या भिंतींवर देव, यती, अप्सरा आणि मिथुने एकाच ओळीत बसली आहेत. भाविक महाशिवरात्रीला त्यांच्यासमोरून रांगेने जातात आणि कोणाची भावना दुखावत नाही.

आधुनिक कायद्यानेही या प्रश्नाला हात घातला आहे, तोही एका मजेदार दाखल्याने. भारतीय दंडसंहितेचे कलम ८७, आता भारतीय न्याय संहितेचे कलम २५, असे सांगते की अठरा वर्षांवरच्या व्यक्तीने संमती दिली असेल, आणि मृत्यू किंवा जबर दुखापत करण्याचा हेतू नसेल, तशी शक्यताही माहीत नसेल, तर झालेली इजा गुन्हा ठरत नाही. उदाहरण दिले आहे ते करमणुकीसाठी तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचे. कुस्तीच्या आखाड्यात उतरणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पण याचा अर्थ शयनगृहातल्या सगळ्याच खेळांना परवाना मिळाला, असा कोणी घेऊ नये. इंग्लंडमध्ये १९९३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ‘ब्राउन’ खटल्यात तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवले की प्रौढ पुरुषांनी परस्परसंमतीने केलेल्या वेदनेच्या खेळात खरी दुखापत झाली तर संमती हा बचाव नाही. बॉक्सिंगला चालते ते इथे का चालत नाही, असा वाद त्यावर आजही घातला जातो. वैद्यकाने मात्र आपली वही सुधारली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली; त्यात संमतीने होणारे असे खेळ आजारांच्या यादीतून वगळले आहेत. यादीत उरले ते जबरदस्तीचे क्रौर्य.

तेव्हा ज्या प्रौढांना कुतूहल आहे त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. सुरुवात नेहमी सर्वांत निरुपद्रवी वस्तूंनी होते: डोळ्यांवर बांधायची सॅटिनची पट्टी, मऊ पीस, वेल्क्रोचे हातपट्टे. दिसेनासे झाले की स्पर्श तीव्र होतो, एवढेच त्यामागचे शरीरशास्त्र. वेल्क्रो अशासाठी की तो झटक्यात सुटतो; साडी, नायलॉनची दोरी किंवा टाय ताणला की गाठ आवळत जाते. बांधायचेच असेल तर दोर आणि कातडी यांच्यामध्ये दोन बोटे शिरतील एवढी जागा ठेवावी, बोथट टोकाची कात्री हाताशी असावी, बोटे बधिर वाटली की लगेच सोडावे आणि बांधलेल्या माणसाला क्षणभरही एकटे टाकू नये. गळ्याभोवती काहीही नको. त्यात ‘जपून करू’ असा प्रकारच नसतो. मेंदूचा रक्तपुरवठा काही सेकंदांत थांबू शकतो. चापट मांसल भागावर असावी. पाठीच्या कण्यावर, मूत्रपिंडांच्या जागी, सांध्यांवर नव्हे.

शरीराच्या आत जाणारी वस्तू निवडताना बाभ्रव्याच्या शिशाची आठवण ठेवावी. स्वस्त, लवचीक, उग्र वासाच्या ‘जेली’ प्लास्टिकमध्ये थॅलेट ही रसायने असू शकतात आणि अशा वस्तू सच्छिद्र असल्याने नीट धुतल्याही जात नाहीत. वैद्यकीय दर्जाचे सिलिकॉन, बोरोसिलिकेट काच किंवा स्टेनलेस स्टील बरे. सिलिकॉनच्या वस्तूबरोबर पाण्यावर आधारित वंगण वापरावे; सिलिकॉनयुक्त वंगणाने तिचा पृष्ठभाग खराब होतो, आणि खोबरेल तेलाने निरोधचे लेटेक्स फाटते. गुदमार्गासाठीच्या वस्तूला पसरट बूड हवेच, नाहीतर ती आत ओढली जाते. तसे झालेच तर घरगुती खटपट न करता सरळ रुग्णालय गाठावे. गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि डॉक्टरांनी याहून विचित्र गोष्टी पाहिलेल्या असतात. या वस्तूंसाठी २०२१ मध्ये आयएसओ ३५३३ हे आंतरराष्ट्रीय मानकही निघाले. प्रेशर कुकरवर मानकाचा शिक्का पाहणाऱ्यांनी इथेच डोळे मिटून खरेदी का करावी?

आणि एक शब्द आधी ठरवून ठेवावा, जो उच्चारला की सगळे तत्काळ थांबते. या सोंगात ‘नको नको’ हा संवादाचा भाग असू शकतो, म्हणून थांबण्यासाठी वेगळा शब्द लागतो. ‘वांगं’ म्हटले तरी चालेल. तोंड बंद असेल तर हातात किल्ल्यांचा जुडगा द्यावा, तो पडला की खेळ संपला. संपल्यावर पाणी, पांघरूण, दोन गोड शब्द. दारू पिऊन हे करू नये.

हा नियमांचा पसारा पाहून एखाद्याला हसू येईल. पण याच पसाऱ्यात धर्मचर्चेचे मर्म आहे. ज्यांना समाज विकृत म्हणतो ती माणसे आधी विचारतात, काय चालेल आणि काय नाही ते ठरवतात, मध्येच थांबण्याचा हक्क मान्य करतात, नंतर विचारपूस करतात. आणि ज्याला समाज पवित्र म्हणतो त्या संसारात अनेक घरांमध्ये यातले काहीच होत नाही. सप्तपदी झाली म्हणजे जन्मभराचा होकार मिळाला, असे गृहीत धरलेले असते. अहिंसेच्या कसोटीवर यातली कोणती खोली उतरते? गांधीजींनाही इथे वेगळे उत्तर देता आले नसते. पत्नीला पतीला नकार देण्याचा हक्क आहे आणि तिने तो वापरावा, हे ते पुन्हा पुन्हा सांगत. व्रत घेतलेल्याने व्रत पाळावे, नको असलेल्याने पार्सल मागवू नये. परंतु वस्तू कपाटात आहे की नाही यावरून घराची धार्मिकता ठरवणे, आणि तिथे विचारून-सवरून स्पर्श होतो का याकडे पाठ फिरवणे, हे न्हावा शेवाच्या अधिकाऱ्यांसारखेच चुकीचे खोके अडवणे आहे.

भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेली संमती ही संमती नव्हे, असे भारतीय न्याय संहितेचे कलम २८ सांगते. त्याच संहितेच्या कलम ६३ चा दुसरा अपवाद सांगतो की पत्नी अठरा वर्षांखालची नसेल तर पतीने तिच्याशी केलेला संभोग बलात्कार नव्हे. १ जुलै २०२४ ला नवी संहिता लागू झाली तेव्हा दंडसंहितेतला हा अपवाद तिच्यात कायम ठेवला गेला. त्याविरुद्धच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयात ऑक्टोबर २०२४ मध्ये सुनावणी सुरू झाली आणि त्याच महिन्यात ती पुढे ढकलण्यात आली.